सोंगपटाचे शंभर गुण

ज्या खेळात कोणी जिंकत नाही आणि कोणी हरत नाही, अशा खेळाला बक्षीस द्यायचं ठरलं आणि परीक्षक म्हणून माझं नाव पुढे आलं. आलं म्हणजे मीच पुढे केलं. सभेत सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत होते, चहा निवून चालला होता, आणि शांतता मला सोसत नाही. शाळेतही गुरुजींनी "कोण सांगतो?" म्हटलं की उत्तर येत नसताना माझा हात वर जायचा. त्या हातानं मला आयुष्यात पुष्कळदा उभं केलं आहे, सुखानं बसू एकदाही दिलं नाही.

सोंगपट म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर आमच्या हिच्यासारखे तुम्हीही शेवटपर्यंत "पण जिंकलं कोण?" असं विचारत राहाल. बुलढाण्यात आम्ही दहा-बारा जण रविवारी दुपारी सतरंजीवर पट पसरून बसायचो. त्यातला एक सांगणारा. तो म्हणणार, तुम्ही चौघं राजूर घाटातून चालला आहात, ऊन कलतं आहे, आणि समोरच्या वळणावर काहीतरी हललं. बाकीच्यांनी एकेक सोंग घेतलेलं असायचं: कोणी वैद्य, कोणी घोड्यांचा व्यापारी, कोणी घरातून पळालेला गोसावी. आता आपण काय करणार, ते ज्यानं त्यानं आपल्या सोंगाला शोभेल असं सांगायचं आणि सहा कवड्या टाकायच्या. निदान चार उताण्या पडल्या तर जमलं, नाही पडल्या तर फसलं. गोष्ट संपली की खेळ संपला. यात माणूस तीन तास कसा रमतो ते खेळल्याशिवाय कळत नाही. हे वाक्य मी लोकांना पाच वर्षं ऐकवत होतो, आणि त्याचा अर्थ मला स्वतःला कळला नव्हता.

ढालीची कल्पना नारायणरावांची. ते आमच्या कचेरीत हेडक्लार्क आणि आमच्या मंडळाचे अध्यक्ष. "महाराष्ट्र होऊन चार वर्षं झाली," ते सभेत म्हणाले, "आणि आपण अजून कोणाला एक ढाल दिली नाही." या दोन गोष्टींचा संबंध काय हे विचारण्याची कोणाची छाती झाली नाही. मलकापूर, साखरखेर्डा, देऊळघाट, सगळीकडे आता सोंगपट खेळत होते. जागोजागी आपापले सांगणारे होते आणि त्यांचे स्वतः रचलेले खेळ होते. त्यातला उत्तम खेळ निवडून ढाल द्यायची असं ठरलं.

आमचे शेजारी किसनराव महसूल खात्यातून कानूनगो म्हणून निवृत्त झालेले. त्यांना सल्ला विचारावा लागत नाही, कुंपणापाशी घटकाभर उभं राहिलं की पुरतं.

"शेषराव, मतदान घ्या," ते म्हणाले. "लोकशाही हाये. ज्याले जास्त मतं त्याची ढाल. तुमच्यावर कोनी बोट दाखोनार नाही."

मला पटलं. तुपाच्या रिकाम्या डब्याला फट पाडून तो वाचनालयात आठ दिवस ठेवला. सोंगपट खेळणारी माणसं जिल्ह्यात माझ्या हिशेबानं साठ असतील. मतं निघाली तीनशे एक्केचाळीस. मलकापूरच्या एका स्पर्धकाचे मामा जिनिंगमध्ये मुकादम होते, त्यांनी कामगारांची सगळी पाळीच बसमधून आणली होती. सतरा जणांनी निवडणुकीतल्या चिन्हांना मतं दिली होती. एका चिठ्ठीवर "रेशनची साखर कधी भेटते?" एवढंच लिहिलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्या डब्यातला विचार करून लिहिलेला तेवढाच एक कागद होता. पाळीतल्या एकाला मी विचारलं, "तू हा खेळ खेळलास का?" तो म्हणाला, "नाही बाप्पा. पन मामा मानूस चांगला हाये."

मतदान रद्द केलं. किसनराव म्हणाले, मग तीन परीक्षक नेमा. तीन नेमले. पहिल्यानं स्वतःचाच खेळ स्पर्धेत पाठवला होता, हे त्यानं शपथ घेताना सांगितलं. दुसऱ्यानं अट घातली की जावयाचा खेळ दुसऱ्या नंबरच्या खाली जाता कामा नये. तिसरा अगदी निःस्पृह माणूस होता, त्याची पार मेळघाटात धारणीला बदली झाली. उरलो मी. त्यावर किसनरावांनी सुचवलं की वर्ग पाडा, म्हणजे सगळेच खूश. त्यांनी आपल्या हातानं यादी करून दिली: सर्वोत्कृष्ट घाट, सर्वोत्कृष्ट वाघ, मनोरंजनातून कुटुंबनियोजन, असे अकरा वर्ग. खेळ आले होते नऊ. नारायणरावांनी यादी फेटाळली. ढाल एकच राहणार होती.

परवानगीचं वेगळंच झालं. सभेत कवड्या खेळणार म्हटल्यावर परवानगी देणाऱ्या साहेबांनी चष्मा वर केला.

"कवड्या म्हणजे जुगार."

"पैसे लावत नाही साहेब."

"मग जिंकणाऱ्याला काय मिळतं?"

"कोणी जिंकतच नाही."

त्यांनी अर्जाच्या कडेला लिहिलं, 'अर्जदाराचे म्हणणे संशयास्पद.' सरकारी माणसाला दुसऱ्या सरकारी माणसानं असं लिहावं, याचं मला फार लागलं. चौथ्या खेपेला परवानगी मिळाली, पण कवड्या मोजून आणाव्यात व मोजून परत न्याव्यात या अटीवर.

आता मी कोण, तर आवक-जावक कारकून. आयुष्यात जे जे माझ्याकडे आलं, त्याच्यावर मी शिक्का मारला आणि नंबर टाकला. त्यामुळे खेळ मागवतानाही मी नियम केला की प्रत्येकानं आपला खेळ लेखी, तीन प्रतींत, समास सोडून पाठवावा. मग गुणांचा तक्ता केला. मांडणीला वीस, भाषेला पंधरा, हस्ताक्षराला दहा, समासाला पाच, बोधाला वीस, पृष्ठसंख्येला पंधरा, राष्ट्रीय भावनेला दहा आणि किरकोळला पाच. बेरीज शंभर. हा तक्ता मी तीन रंगांच्या शाईनं आखला होता आणि तो इतका देखणा झाला होता की तो चुकीचा असेल अशी शंकाही मला आली नाही. खेळताना मजा येते का, हे किरकोळमध्ये घालावं असं एकदा मनात आलं होतं. पण पाच गुणांत ते बसेना.

स्पर्धेत नारायणरावांचा खेळही होता. अध्यक्षांनी भाग घेऊ नये असं नियमावलीत कुठेच नव्हतं, कारण नियमावली अध्यक्षांनी लिहिली होती. खेळाचं नाव 'जलसिद्धी'. गावकरी मिळून खडकात विहीर खोदतात, त्याची गोष्ट. टंकलिखित तेवीस पानं, वर रेशमी दोरा. मी एक्क्याण्णव गुण दिले. नारायणराव माझा गोपनीय अहवाल लिहितात, म्हणून किती कापायचे याचा मी चार दिवस विचार केला. फार कापले तर माझं काही खरं नव्हतं, आणि मुळीच नाही कापले तर लोक बोलले असते. नऊ हा आकडा मला सभ्य वाटला.

नववी प्रवेशिका अर्ध्या पानाची होती. 'खेळाचे नाव: विहीर. सांगणारी: कलाबाई, देऊळघाट. पाच जण लागतात. पट लागत नाही, कवड्या लागतात. बाकीचे बसून खेळल्यावर समजेल.' हस्ताक्षर सुरेख होतं, त्याचे दहा दिले. समासाचे दोन दिले. एकूण बारा.

ते हस्ताक्षर भाऊरावाचं होतं हे मला माहीत होतं. भाऊराव आमच्या कचेरीत कनिष्ठ लिपिक, देऊळघाटचा, त्यांच्या बौद्धवाड्यातला पहिला मॅट्रिक झालेला मुलगा. कलाबाई त्याची मावशी. तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"शेषरावभाऊ, मावशीले बारा देल्ले म्हनते."

"निकाल गुप्त आहे, भाऊराव."

"गुप्त हाये म्हनूनच साऱ्या कचेरीले मालूम हाये. मी एवढंच पुसतो, खेळून पाह्यला का तुम्ही?"

"परीक्षकानं खेळायचं नसतं. तटस्थ राहायचं असतं."

"मंग तुम्ही पाह्यलं काय?"

"कागद पाहिला."

तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. तो शांतपणे बोलत राहिला. "मावशी निंदायले जाते. दुपारी बाया बांधावर बसल्या का हा खेळ होते. वीस वर्सं होऊन राह्यले. तिचे खेळ मोताळ्याले गेले, चिखलीले गेले. कोनी म्हन्ते आमच्या मामाचा, कोनी म्हन्ते आमच्या गुरुजीचा. ढालीचं काही नाही भाऊ, ठुवाले तशी भित बी नाही घरात. पन हा खेळ कलाबाईचा हाये, असं चार लोकात एकडाव कोनी म्हनलं पाह्यजे. ती साठीले आली आता." मग आवाज उतरवून म्हणाला, "साहेबाच्या जलसिद्धीतली विहीर मीच सांगतली त्याईले, मागच्या उन्हायात, चहा पेता पेता. चोरली नाही म्हनत मी. विहीर ध्यानात राह्यली त्याईच्या, कोनाची ते नाही राह्यलं."

दोन दिवस मी धुमसत होतो. पंचवीस वर्षांच्या नोकरीत माझ्या एका नोंदीवर कोणी बोट ठेवलं नव्हतं, आणि काल लागलेल्या पोरानं मला खेळून पाहिला का म्हणून विचारावं! तिसऱ्या दिवशी जेवताना हिला सांगितलं. हिचं नाव सरस्वतीबाई, पण कौतुक करायचं असलं तरी मी तिला नावानं हाक मारत नाही.

"माही भाजी न चाखता मीठ कमी हाये म्हनता तुम्ही," ती म्हणाली, "तसंच झालं हे."

मी तसं म्हणतो, हे खरं आहे. मी निमूटपणे भाजी खाल्ली. मीठ बरोबर होतं.

न्याय करायचा तर निदान सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा असे दोन खेळ तरी खेळायला हवे होते. आधी जलसिद्धी काढला. ही, मी, किसनराव आणि त्यांची मंडळी असे चौघं बसलो. पहिल्या तीन पानांवर वंदन होतं. सातव्या पानापर्यंत पात्रांचा परिचय होता. नवव्या पानावर 'येथे खेळाडूंनी गंभीर व्हावे' अशी सूचना होती, पण तोवर किसनराव घोरत होते आणि ही सूप घेऊन तुरीची डाळ निवडायला बसली होती. पहिली कवडी पडली ती बाराव्या पानावर. मग पाणी लागतं, पूजा होते, आरती होते, अध्यक्षीय भाषण होतं. खेळ संपल्यावर ही म्हणाली, "जिंकलं कोन?" या वेळी मला उत्तर देता आलं. मी म्हटलं, "टाइपरायटर."

रविवारी सायकल काढून देऊळघाटला गेलो. भाऊराव रस्त्यावरच उभा होता. एक सांगायचं राहिलं. भाऊराव आमच्या रविवारच्या पटावर नेहमी यायचा. सोंगं चिठ्ठ्या टाकून वाटायची असा आमचा नियम. पण आम्ही चिठ्ठ्या कधी टाकल्या ते मला आठवेना, आणि दोन वर्षांत भाऊरावाकडे कोतवालाखेरीज दुसरं कुठलं सोंग आल्याचंही आठवेना. निरोप नेणं आणि बोलावलं की येणं, एवढंच त्या सोंगाला काम. तो ते मन लावून करायचा. आम्ही त्याचं कौतुकही करायचो, की भाऊराव कोतवाल काय झकास करतो. सायकल हातात धरून त्याच्याबरोबर चालताना हे सगळं मला आठवलं आणि मी हवापाण्याच्या गोष्टी काढल्या.

कलाबाई लिंबाच्या सावलीत बसली होती. बुटकी, काटक, कपाळावर गोंदण, आणि माणसाला आरपार पाहणारे डोळे. "या भाऊ, बसा," म्हणाली. तिची शेजारीण तानाबाई हिनं पाण्याचा तांब्या माझ्यासमोर ठेवला. मी सुधारलेल्या विचारांचा माणूस आहे, सभांतून तसं बोललोही आहे. तो तांब्या उचलायला मला किती वेळ लागला हे कोणी मोजलं नसेल अशी आशा आहे. पाणी प्यालो. पाणी गार होतं.

खेळायला मी, भाऊराव, तानाबाई आणि आणखी दोघी बाया. कलाबाईनं पदराखाली पाच प्रकारचे दाणे धरले आणि ज्यानं त्यानं न पाहता एक उचलायचा असं सांगितलं. ज्वारीचा दाणा आला तो पाटील. तो भाऊरावाला आला. माझ्या हातात सरकी आली.

"सरकी म्हंजे खोदनारा," कलाबाई म्हणाली. "तुह्या हातात पहार हाये. गावात पानी नाही. खडक लागला हाये. खोद."

पहिल्यांदा मला हसू आलं. चौथ्यांदा कवड्या फसल्या तेव्हा हसू गेलं. दर डावाला ती सांगत होती, की आज हाताला फोड आला, आज दोर तुटला, आज तुझी बायको दगडाची पाटी घेऊन वर येताना घसरली. वाचून दाखवत नव्हती. माझ्या तोंडाकडे पाहून पुढचं सांगत होती. पाटीवाली तानाबाई माझ्यावर ओरडली, "अबे, जोर लाव ना!" एका खेडवळ बाईनं मला अबे म्हटलं आणि मी खरोखर बाह्या सरसावल्या. अकरा डाव फसले. बाराव्याला पाच कवड्या उताण्या पडल्या. कलाबाई हळूच म्हणाली, "ओल लागली." मी उभा राहून ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. बाया टाळ्या पिटत होत्या. नोकरीत कायम झाल्याची ऑर्डर आली तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता.

"पानी लागलं," कलाबाई म्हणाली. "आता गावातले लोकं आले. तुले म्हन्ते, तू बाजूले हो. पयली बादली आम्ही काढतो. तू पहार ठुव आन् दूर उभा राह्य. तुह्या भांड्यात आम्ही वरून टाकू. तू काय करतं?"

सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. माझ्या तोंडून जे निघालं ते विचार करून निघालेलं नव्हतं. पंचवीस वर्षांच्या सवयीनं निघालं.

"अर्ज करतो."

मग तानाबाई हसायला लागली. डोळ्यांना पदर लावून, मांडीवर थाप मारून हसली. "अर्ज करतो म्हन्ते वं बाई! खोदली यानं आन् अर्ज करते!"

कलाबाई हसली नाही. "कोनाले?"

"पाटलाला."

पाटील भाऊराव होता. तो ताठ बसला, माझ्याकडे न पाहता कचेरीतल्या आवाजात म्हणाला, "अर्ज मिळाला. विचार चालू आहे."

हे वाक्य मी रोज पंधरा-वीस कागदांवर लिहितो. त्याचा छापील शिक्काही माझ्या खणात आहे. ते वाक्य दुसऱ्या बाजूनं ऐकायला कसं लागतं हे मला त्या लिंबाखाली पहिल्यांदा कळलं. मला तहान लागली होती. समोर तांब्या होता, पण मला पाणी मागायची लाज वाटली.

परत येताना सायकल चढावर रेटत मी विचार करत होतो. मी खेळाचे गुण दिलेच नव्हते. मी कागदाचे दिले होते. ज्याला टाइपरायटर आहे, समास ठाऊक आहे, बसायला टेबल आहे, त्याला मी तक्त्यातच ऐंशी गुण आधी वाटून ठेवले होते. मतदानात मामाच्या नावानं मत देणारे निदान मामाला ओळखत तरी होते. परीक्षकानं तटस्थ राहावं हे खरं, पण आधी सतरंजीवर बसावं, हरावं, ओरडावं, आणि मग उठून तटस्थ व्हावं. न बसता जो तटस्थ असतो, तो नुसता लांब असतो.

हे नारायणरावांना आधी सांगावं म्हणून मी पुढच्या आठवड्यात तीनदा त्यांच्या टेबलाशी गेलो. तिन्ही वेळा किरकोळ रजेच्या अर्जावर सही घेऊन परतलो. मला रजा नको होती.

समारंभ महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी चारला. सभागृह भरलेलं. दारात एक हवालदार कवड्या मोजायला बसला होता. नारायणराव मधल्या खुर्चीत, नवा कोट घालून. शेवटच्या रांगेत कलाबाई, तानाबाई आणि देऊळघाटच्या आणखी बाया. भाऊराव दाराशी उभा. मी उठलो.

"मी एका खेळाला एक्क्याण्णव गुण दिले आणि एकाला बारा," मी म्हणालो. "दोन्ही न खेळता दिले. नंतर दोन्ही खेळलो. माझे गुण चुकले होते. तक्ताच चुकला होता. उत्तम खेळ विहीर, आणि तो देऊळघाटच्या कलाबाईंचा आहे."

एकदम गलका झाला. किसनराव उभे राहून ओरडले, "एका परीक्षकाचा निकाल कोर्टात टिकत नाही!" नारायणराव माझ्याकडे न पाहता म्हणाले, "निकाल नोंदवून झाला आहे. फाईल बंद आहे." त्यांचे कान लाल झाले होते. माझा पुढचा गोपनीय अहवाल मला त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ वाचता येत होता.

तेवढ्यात कलाबाई मधल्या वाटेनं चालत पुढे आली. कोणी बोलावलं नव्हतं. ढालीकडे तिनं पाहिलंही नाही. लोकांकडे तोंड करून म्हणाली, "हा खेळ कोनी कोनी खेळला, हात वर करा."

बायांचे पाच-सात हात वर झाले. भाऊरावाचा झाला. माझा झाला.

"मंग मी ढाल कशी घेऊ? उद्या म्हनसान, शेषरावानं देल्ली. तुम्ही खेळा. मंग बोला." आणि ती नारायणरावांकडे वळली. "साहेब, तुमच्या खेळात बी विहीर हाये म्हनते. पानी लागल्यावर काय होते?"

नारायणराव खाकरले. "पूजा होते. नारळ फोडतात."

"नारळ कोन फोडते?"

"अध्यक्ष."

मागून हसण्याचा आवाज आला. कलाबाईनं हात करून तो थांबवला. तिला त्यांची टर उडवायची नव्हती, हे मला जवळून दिसत होतं.

"आन् पानी कोन काढते?"

नारायणरावांनी समोरची तेवीस पानं उचलली, शेवटची चार उलटी-सुलटी पाहिली. चष्मा काढला. मग ते बोलले ते सभेच्या भाषेत नाही, घरच्या भाषेत.

"ते मी लिव्हलं नाही, बाई. भाऊरावानं सांगतलं होतं मले, हे बी सांगतलं होतं. मले ते नको वाटलं. आरती बरी वाटली."

नारायणरावांनी माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं, पहिल्या पानावरची स्वतःच्या नावाची ओळ, पदासकट, आडवी रेघ मारून खोडली, आणि तिच्यावर लिहायला हात टेकवला. तो तिथेच थांबला.

"बाई, तुमचं पुरं नाव काय?"

मी घाईनं रजिस्टर उघडलं, नोंद दाखवायला. आठ स्पर्धकांची नावं होती, वडिलांचं नाव, आडनाव, हुद्दा, मुक्काम, पोस्ट. नवव्या ओळीत माझ्या सुंदर अक्षरात नुसतं होतं, 'कलाबाई, देऊळघाट.' भाऊरावानं कमी लिहिलं होतं म्हणावं, तर बाकीच्यांतल्या तिघांनीही अपुरं पाठवलं होतं आणि त्यांना मी पत्र टाकून विचारलं होतं. कलाबाईला विचारायचं मला सुचलंच नव्हतं. रजिस्टर झाकून घ्यावंसं वाटलं, पण नारायणरावांनी ती ओळ पाहिली होती, आणि वाचता येत नसूनही कलाबाईला त्या ओळीची लांबी दिसली होती.

"कलाबाई सहदेव हिवाळे," ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, शेवटच्या रांगेपर्यंत.

नारायणरावांनी लिहिलं. मग पेन माझ्या हातात दिलं. मी रजिस्टरातल्या नवव्या ओळीत तिचं पुरं नाव लिहायला घेतलं आणि पहिलंच अक्षर वाकडं आलं.

"लिव्हा तुम्ही," कलाबाई म्हणाली. "मी थांबतो."